कुसाकाबेसानचे पन्नास दिवस

देवाला भेटायला आठ-आठ तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाला आमच्या गावात देवाआधी कुसाकाबेसान भेटायचे. मिकुरा देवस्थानच्या पायथ्याशी तोरीची तांबडी कमान आहे. तिच्या डाव्या खांबाला लागून ते उभे असायचे. अंगात पिवळं जाकीट, दंडावर 'स्वयंसेवक मार्गदर्शक' अशी पट्टी आणि चेहऱ्यावर असा भाव, की तेराशे वर्षांपूर्वी हे देऊळ बांधलं तेव्हा सुतारांवर देखरेख करायला हेच होते. वय चौऱ्याहत्तर. चौदा वर्षं हा माणूस बिनपगारी राबत होता. बिनपगारी माणसाला काढून टाकायची सोय नसते, त्यामुळे देवस्थानानंही तो विचार कधी केला नाही.

माझं दुकान त्या कमानीसमोर. भाजलेली मोची, म्हणजे तांदळाच्या चिकट वड्या, आलं घातलेलं आमाझाके हे गरम गोड पेय, आणि चहा. माझं नाव सेओ किनुए, वय एकाहत्तर. दुकानाबाहेरच्या बाकावर कुसाकाबेसान रोज सकाळी साडेआठला येऊन बसत, चहा पीत, आणि चहा फार गरम आहे किंवा पुरेसा गरम नाही, यांतलं एक काहीतरी सांगत. नेमका हवा तेवढा गरम चहा मला चौदा वर्षांत एकदाही जमला नाही.

त्याआधी छत्तीस वर्षं ते बसडेपोत वेळापत्रक सांभाळायचे. दोन मिनिटं उशिरा आलेल्या ड्रायव्हरला ते काही म्हणायचे नाहीत, नुसते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. त्या बघण्याला कंटाळून एक ड्रायव्हर नोकरी सोडून मासे धरायला गेला, असं सांगतात. लग्न केलं नाही, त्यामुळे कुणा बाईला त्या घड्याळाखाली संसार करावा लागला नाही. निवृत्त झाले तेव्हा डेपोनं त्यांना मोठा निरोपसमारंभ दिला आणि ती ब्याद आमच्या देवाच्या गळ्यात घातली.

एकदा नागोयाचं एक नवं जोडपं आलं. हातात हात घालून कमानीतून आत शिरलं, तेवढ्यात मागून हाक.

"थांबा. तुम्ही मधून चाललात."

"अं?"

"वाटेचा मध्य देवाचा. माणसांनी कडेनं चालायचं. मागे या, कमानीबाहेर उभे राहा, वाका, आणि परत आत या."

आले बिचारे मागे. वाकले, परत आत गेले. मग पाण्याच्या टाकीपाशी डावा हात आधी की उजवा, पळी कशी धरायची, चूळ भरताना पळीला तोंड लावायचं नाही, हे सगळं झालं. वर देवापुढे दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून, पुन्हा एकदा वाकून झालं. तरी यांचं समाधान नाही.

"तुमच्या दोघांच्या टाळ्या एकदम पडल्या नाहीत," ते म्हणाले.

"आजोबा, आम्ही माणसं दोन आहोत हो," ती मुलगी म्हणाली.

"देवाला ते दिसलंच."

खाली येऊन त्या पोरीनं माझ्याकडे तीन मोची खाल्ल्या आणि एका शब्दानं नवऱ्याशी बोलली नाही. पण गंमत बघा, घरी गेल्यावर ही माणसं नेटवर लिहायची, 'कडक आजोबा, खूप शिकायला मिळालं.' पैसे भरून, सुट्टी काढून, लांब येऊन कुणाकडून तरी रागावून घ्यायची माणसांना हौसच असते. त्यामुळे कुसाकाबेसानचं प्रस्थ वाढत गेलं, आणि आमच्या गावात 'नियम काय?' असं कुणी विचारलं की आपोआप त्यांच्याकडे बोट जायला लागलं. पुजाऱ्याला त्रास देण्यापेक्षा ते बरं पडायचं.

कमानीशेजारी सूचनांची पाटी आहे. जुनी पाटी पावसानं पुसली म्हणून दहा वर्षांपूर्वी कुसाकाबेसाननी ती स्वतः नव्यानं रंगवली. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, यात वाद नाही. शेवटची ओळ होती: 'घरातील कुणाचा मृत्यू झाला असल्यास पन्नास दिवस कमानीच्या आत येऊ नये.' आमच्या देवाला रक्त, भांडण, खोकला सगळं चालतं, पण मरणाचा विटाळ चालत नाही. सुतकात देवळाची पायरी चढायची नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. किती दिवस, तेवढं फक्त पाटी सांगते.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आणि मी या माणसाबद्दल इतकं वाकड्यात का बोलते, तेही कळायचं नाही.

सहा वर्षांपूर्वी वीस ऑक्टोबरला माझा धाकटा भाऊ कात्सुहेई ओसाकात गेला. त्याच वर्षी माझी नात काहो सात वर्षांची झाली होती. आमच्याकडे मुली तिसऱ्या आणि सातव्या वर्षी, पंधरा नोव्हेंबरच्या सुमारास, नटूनथटून देवाला नेतात. तिसऱ्याला काहो गोवरानं आजारी होती, म्हणून सगळी भिस्त सातव्यावर. माझ्या लहानपणचा किमोनो मी उसवून, धुऊन, तिच्या मापाचा शिवला होता. चार महिने रोज दुपारी शिवत होते. पंधरा नोव्हेंबरला सकाळी मुलगा, सून, काहो आणि मी कमानीपाशी आलो, तर खांबाला हे उभे.

"किनुएसान, भाऊ गेल्याला किती दिवस झाले?"

"सत्तावीस."

"मग तुम्हाला आत जाता येणार नाही. वाईट वाटतं, पण नियम आहे." आणि पाटीकडे बोट.

म्हातारे पुजारी तेव्हा इस्पितळात होते. बदली पुजारी परगावचे, ते वर घाईत होते. विचारणार कुणाला? आणि खरं सांगायचं तर आमच्या गावात कुणी ठामपणे काही सांगितलं की उलट विचारत नाहीत. विचारलं तर समोरच्याचा अपमान होतो. न विचारलं तर आपलं फक्त नुकसान होतं, आणि ते आपण घरी नेऊन गुपचूप सोसू शकतो. मी वाकून "बरं" म्हटलं आणि बाजूला झाले. काहो पायऱ्या चढताना मागे वळून आईला म्हणाली, "आजी घाण झालीय का?" सून म्हणाली, "हळू बोल."

देवळापुढे काढलेला त्या दिवशीचा फोटो माझ्या दुकानात लावला आहे. किमोनो सुरेख बसलाय. फोटोत सगळे आहेत, मी सोडून.

त्यानंतर मी पायऱ्या चढले नाही. लोकांना सांगते, गुडघे दुखतात. कुसाकाबेसानना मात्र रोज चहा दिला. आम्ही भांडत नाही. आम्ही चहा देतो, फक्त पेला समोर ठेवताना जरासा जोरात ठेवतो.

या वर्षी देवळाच्या गाभाऱ्यावरचं हिनोकी झाडाच्या सालींचं छप्पर बदललं. साठ वर्षांनी एकदा बदलतात. तेवढ्यापुरतं देवाला शेजारच्या तात्पुरत्या घरात हलवतात आणि रिकामा गाभारा सात दिवस लोकांना बघायला उघडतात. एरवी तिथे पुजाऱ्याशिवाय कुणाचं पाऊल पडत नाही. आत छतावर चारशे वर्षांपूर्वी रंगवलेला समुद्र आहे. तारीख ठरली, दहा ते सोळा मे.

कुसाकाबेसान दोन वर्षांपासून त्या सात दिवसांच्या नावानं जगत होते. मागच्या वेळी ते चौदा वर्षांचे होते आणि गालगुंड झाल्यामुळे घरी पडून होते. त्यांचा थोरला भाऊ एइजो रांगेत उभा राहून आत जाऊन आला आणि त्यानं घरी येऊन सांगितलं, "नऊ लाटा आहेत. आणि नवव्या लाटेखाली एक मासा डोळा मारतो." चौदा वर्षं कुसाकाबेसान प्रत्येक प्रवाशाला तेच सांगत होते, फक्त माशाचं डोळा मारणं गाळून. स्वतः न पाहिलेल्या छताविषयी इतकं खात्रीनं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"किनुएसान, दहा मेला पहिला नंबर माझा," ते मार्चमध्ये बाकावर बसून म्हणाले होते. चहाला त्या दिवशी नावं ठेवायचंही विसरले. म्हाताऱ्याच्या तोंडावर असं काही आलं होतं, की मला क्षणभर त्यांचं कौतुक वाटलं. मी लगेच आत निघून गेले.

आणि एकोणतीस मार्चला कोबेला एइजो गेला.

भावाभावांत तीस वर्षं बोलणं नव्हतं. कशावरून, ते एकटे कुसाकाबेसान सांगू शकले असते, आणि ते सांगत नव्हते. अंत्यविधीला गेले आणि त्याच दिवशी परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर हातात खराटा घेऊन कमानीच्या बाहेर झाडत होते. आतलं एक पानही त्यांनी उचललं नाही. बाहेर स्वच्छ, आत कचरा, आणि मध्ये दोरी लावून आखल्यासारखी रेघ.

"एकोणतीस मार्च पहिला दिवस धरला तर पन्नासावा दिवस सतरा मे," ते म्हणाले.

"आणि गाभारा बंद होणार सोळाला."

"हो."

"एका दिवसानं चुकलं."

"एका दिवसानं."

माझ्या मनात काय आलं ते सांगते. मला बरं वाटलं. अगदी आतून, गरम पेयासारखं बरं वाटलं. भावाचं मरण झालेल्या माणसाकडे बघून असं वाटणं वाईट, हे मला कळतं. तरी वाटलं. मी त्यांना त्या दिवशी एक मोची फुकट दिली.

गावातल्या लोकांनी त्यांना पळवाटा सुचवायला सुरुवात केली. देव तर शेजारच्या घरात आहे, मग रिकाम्या खोलीत कसलं सुतक? तीस वर्षं ज्या भावाचं तोंड पाहिलं नाही तो भाऊ कसला? दुसरा कुणी असता तर पडत्या फळाची आज्ञा मानून निघाला असता. हे म्हणाले, "नियम म्हणजे बसथांबा नाही, आपल्याला सोयीचा तिथे हलवायला." आणि काम बंद ठेवतील तर शपथ! आपत्ती निवारण मंडळाच्या कपाटातून त्यांनी हातकर्णा आणला, कमानीच्या एक पाऊल बाहेर खुर्ची टाकली आणि तिथून मार्गदर्शन सुरू केलं.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मी त्या दीड महिन्यात रोज पाहिलं.

"निळ्या टोपीवाले! टोपी काढा! टाकीपाशी बाई, डावा हात! डावा! तो उजवा झाला!"

वर जाणारी माणसं दचकायची आणि आभाळाकडे बघायची. कुठून तरी प्रवासी म्हणून आलेल्या एका भल्या गृहस्थाला वाटलं, देवच बोलतोय. ते गुडघे टेकून बसले. "तिथे बसू नका, रस्ता अडतो," देव म्हणाला.

दहा मे उजाडला आणि गाव माणसांनी भरून गेलं. रांग कमानीतून बाहेर माझ्या दुकानापर्यंत. कुसाकाबेसान सगळ्यांना शिस्तीत आत सोडत होते आणि स्वतः बाहेर. एकेक जण वरून उतरला की त्याच्या चेहऱ्याकडे डोळे लावून बघायचे. विचारायचे मात्र काहीच नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी सेंदाईहून एक निशिगोरीबाई आल्या. साठीच्या, एकट्या, हातात लहानशी पेटी. पाटी वाचली आणि कमानीबाहेरच थबकल्या.

"माझी मोठी बहीण गेली हो," त्या कुसाकाबेसानना म्हणाल्या. "आज एकतिसावा दिवस. आम्ही दोघी मिळून येणार होतो. तिकिटं तिनंच काढली होती."

"मग आत जाता येणार नाही," कुसाकाबेसान म्हणाले. आवाज मात्र नेहमीचा नव्हता. "मीही बाहेरच आहे. आज माझा पंचेचाळिसावा."

दोघं शेजारी शेजारी उभे, वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारखे. मग बाई माझ्या बाकावर येऊन बसल्या. दहा तासांचा प्रवास करून आलेली बाई, एक शब्द तक्रारीचा नाही. "आमाझाके छान आहे," म्हणाल्या आणि डोळे पुसले.

तेवढ्यात वरून आमच्या पुजारीणबाई धापा टाकत उतरल्या. आमागासे चिहारु, म्हाताऱ्या पुजाऱ्यांची मुलगी. चार वर्षांपूर्वी ते गेल्यापासून देवस्थान तीच बघते.

"किनुएआजी, दोन मोची द्या. सकाळपासून पोटात काही नाही." मग तिचं लक्ष निशिगोरीबाईंकडे गेलं. "तुम्ही रांगेत नाही? अहो, आता कमी आहे गर्दी, जाऊन या."

"सुतक आहे. बहीण गेली, एकतीस दिवस झाले."

"मग काय हरकत आहे? बहिणीचे वीसच दिवस."

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"पण पाटीवर पन्नास..." बाई चाचरत म्हणाल्या.

चिहारु वळली, पाटीपाशी गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा वाचावी तशी ती वाचली. बहुधा पहिल्यांदाच वाचत असावी. जी पाटी रोज दिसते ती कोण वाचतं?

"हे कुणी लिहिलं? बाबांच्या वहीत सरळ आहे. आई-वडिलांचे पन्नास, भावाबहिणीचे वीस. जुन्या पाटीवर सगळा तक्ता होता ना, कुसाकाबेसान?"

"होता," कुसाकाबेसान म्हणाले. "लांबलचक होता. प्रवासी इतकं वाचत नाहीत. दोन ओळींच्या वर गेलं की फोटो काढतात आणि पुढे जातात. म्हणून मी सगळ्यात मोठा आकडा तेवढा ठेवला. कमी पडण्यापेक्षा जास्त झालेला बरा, असं वाटलं."

"अहो, मग तुम्ही एप्रिलमध्येच मोकळे झालात!" चिहारु हसली. तिला यात आनंदाचीच बातमी दिसत होती. "चला वर दोघंही. मी नेते."

निशिगोरीबाई पेटी घेऊन घाईघाईनं उठल्या. कुसाकाबेसान हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की त्यांनीही तो हिशेब केला होता. वीस गेले, सत्तावीसमधून सात उरले. माझ्या नातीच्या दिवशी माझं सुतक सुटून सात दिवस झाले होते. मी तिच्या बोटाला धरून वर जाऊ शकत होते.

"माझे पन्नासच," ते म्हणाले, खुर्ची मिटली, कर्णा काखेत घेतला आणि घरी गेले.

तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणजे काय होतं, ते मी त्या रात्रभर अनुभवलं. सहा वर्षं माझा राग बिचारा चोरून राहत होता, कारण नियम त्यांच्या बाजूला होता. आता नियम माझ्या बाजूला आला, आणि करायचं काय, ते कळेना. चार महिने शिवलेला किमोनो, एक दिवस, एक फोटो. आणि हे सगळं का, तर नागोयाच्या नि टोकियोच्या लोकांना लांब पाट्या वाचायचा कंटाळा येतो म्हणून!

दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. चौदा मेला पहाटे दुकान उघडलं तर पाटीपुढे पाठमोरे बसून रंगवत होते. संपूर्ण तक्ता. आई-वडील, आजी-आजोबा, भाऊ-बहीण, काका, आत्या, मावशी, दत्तक गेलेल्याचे किती, दत्तक आलेल्याचे किती. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखंच, पण दाणे इतके बारीक की वाचायला भिंग लागावं. काम झाल्यावर ब्रश धुतला आणि माझ्या दुकानासमोरून, मान खाली घालून गेले. चहा घेतला नाही. माझ्याशी बोलायला तोंड नाही, म्हणून माफीसुद्धा पाटीवर मागितली, आणि तीही मावशी-आत्यांच्या मध्ये कुठेतरी.

एवढ्यावर थांबलं असतं तर मीही मूग गिळून बसले असते. पण सोळा तारखेला, शेवटच्या दिवशी, ते पुन्हा खांबापाशी येऊन उभे राहिले. कर्णा नाही, खुर्ची नाही, नुसते हात जोडून. आणि कुठून तरी वास लागून जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा एक वार्ताहर आला. त्याला बाकावर बसलेल्या कुणीतरी सांगितलं, की या माणसाला आत जायची मुभा आहे, तरी हा भावासाठी पन्नास दिवस पूर्ण पाळतोय. वार्ताहराचे डोळे पाणावले. फोटो काढायला लागला. वर बघा, कमानीकडे बघा, जरा दुःखी बघा. रांगेतली माणसं थांबून वाकायला लागली. एक बाई म्हणाली, "अशी माणसं आता राहिली नाहीत." दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या एकदम पडल्या.

मी पदर खोचावा तसा बांधलेला एप्रनही न सोडता बाहेर आले. पावणेतीन वाजले होते. चारला गाभारा बंद होणार होता.

"कुसाकाबेसान, वर जा."

"आज एकोणपन्नासावा दिवस आहे, किनुएसान."

"भाऊ गेल्याला एकोणपन्नास झाले. सुतक फिटून महिना होत आला. जा."

ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला मी सत्ताविसाव्या दिवशी अडवलं. आता कुठल्या तोंडानं आत जाऊ? निदान तुमच्याइतकं तरी बाहेर राहू दे."

"म्हणजे ही शिक्षा?"

त्यांनी पाटीकडे बघितलं.

"छान! शिक्षा ठरवणारे तुम्ही, भोगणारे तुम्ही, आणि टाळ्या वाजवायला हे चाळीस लोक. मी काय करायचं? मोची भाजायची?"

"किनुएसान, मला दुसरं काही सुचत नाही."

"मग मी सुचवते. तुम्ही इथे उभे राहिलात तर हे सगळे घरी जाऊन सांगणार, भावाचे पन्नास दिवस पाळणारा संत पाहिला. म्हणजे पन्नासच खरे. म्हणजे माझ्या नातीला सातव्या वर्षी जे वाटलं, तेच खरं. तुम्ही आत गेलात तरच मी त्या दिवशी आत जाऊ शकत होते, हे खरं ठरतं. मला तुमचे पन्नास दिवस नकोत हो. मला माझे ते सात दिवस पाहिजेत!"

माझा आवाज फाटला. मी त्या रस्त्यावर चाळीस वर्षं दुकान चालवते, कधी ओरडले नव्हते.

कुसाकाबेसाननी दंडावरची पट्टी सोडली, घडी घातली, खिशात ठेवली. मग वार्ताहराकडे वळले.

"लिहून घ्या. भावाचं सुतक वीस दिवसांचं असतं. पाटीवर पन्नास मी लिहिलं, आणि पुढे माझीच पाटी मला खरी वाटायला लागली. त्या पाटीच्या जोरावर मी सहा वर्षांपूर्वी या सेओ किनुएसानना नातीच्या सोहळ्याला आत जाऊ दिलं नाही. त्यांना सुतक नव्हतं. चूक माझी."

वार्ताहराचं पेन थांबलं होतं. "हे घालायलाच हवं का, आजोबा? जागा कमी असते. पन्नास दिवसांचं ते जास्त चांगलं बसत होतं."

"घाला," मी म्हटलं. अर्थात त्यानं घातलं नाही. दुसऱ्या दिवशी छापून आलं ते छपराच्या सालींविषयी.

कुसाकाबेसान माझ्यापुढे इतके खाली वाकले की टक्कल मला पहिल्यांदा पुरतं दिसलं. मग सरळ होऊन म्हणाले, "आधी तुम्ही. तुम्ही सहा वर्षं बाहेर आहात."

"माझे गुडघे..."

"गुडघे तुमचे ठीक आहेत. मी रोज बघतो."

एकशे सोळा पायऱ्या. मी पुढे, ते दोन पायऱ्या मागे. चौदा वर्षांत कुठल्या प्रवाशाच्या मागून ते चालले असतील असं मला वाटत नाही. वर रांगेत उभे राहिलो, आमची पाळी आली, चपला काढल्या, आत गेलो. छतावर चारशे वर्षांचा काळा थर होता. कुठे निळसर काही, कुठे पांढरट काही. लाटा नऊ म्हणा, नव्वद म्हणा. आजूबाजूची माणसं "वा, वा" म्हणत होती, कारण साठ वर्षांनी उघडलेल्या खोलीत दुसरं काही म्हणायची कुणाची छाती होत नाही. कुसाकाबेसान मान वर करून उभे होते. "दादा काहीही सांगायचा," ते पुटपुटले. पाच मिनिटांत आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर अंगणात मी थांबले. ती जागा मला माहीत होती. रोज भिंतीवर बघते ना. डावीकडे दगडी दिवा, मागे पायऱ्यांचा कठडा, सून या बाजूला, मुलगा त्या बाजूला, मध्ये काहो. काहोच्या उजवीकडे एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी आहे. मी तिथे जाऊन उभी राहिले. काहो आता तेरा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा उंच. किमोनो पेटीत आहे, आणि तो आता आमच्या घरात कुणालाच होणार नाही.

कुसाकाबेसान समोर चार हातांवर उभे राहिले. त्यांनी खिशातून फोन काढला, दोन्ही हातांनी धरला.

"फोटो काढू का, किनुएसान?"

"कुणाचा?" मी म्हटलं.

त्यांनी फोनमधून माझ्याकडे बघितलं, माझ्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. फोन खाली आला आणि तो चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस तिथे भर अंगणात हमसून हमसून रडायला लागला. मी त्यांची समजूत घातली नाही. मला घालायची नव्हती. रांगेतल्या एका बाईंनी पुढे होऊन त्यांच्या हातात रुमाल दिला आणि मागच्या माणसांना कौतुकानं सांगितलं, की छत पाहून आजोबा भारावले.